बाजारपेठेत रस्ता खोदलाय, गाड्यांना पर्यायी मार्ग आहे. चालणाऱ्यांनी कुठून जायचं?

मधली_आळी (सोमवार, रात्री ९.४०)

आमच्या शहरातल्या मुख्य बाजारपेठेचा रस्ता सिमेंटचा करायला घेतलाय. शहराचं नाव मुद्दाम देत नाही, दिलं की चर्चा रस्त्यावरून थेट पक्षावर जाते.

वाहतूक शाखेची सूचना पेपरात आली होती. दुचाकी अमुक गल्लीतून, चारचाकी तमुक चौकातून, जड वाहनं रात्रीच, एसटी बाहेरच्या रस्त्याने. अगदी नकाशासकट. पायी जाणाऱ्याबद्दल त्यात एक ओळ नाही. आणि या रस्त्यावर गाडीने येणारा माणूस मुळात कमी! दोन शाळा, एक प्रसूतिगृह, बँक, भाजीवाले, देऊळ, सगळा चालता कारभार.

सध्याची स्थिती अशी: फूटपाथवर खोदलेली माती. माती नाही तिथे दुचाक्या, कारण पार्किंग खोदलं गेलं. दुचाक्या नाहीत तिथे थेट चर, आणि चरावर दुकानात शिरायला एकेक फळी. काल एक आजी फळीच्या मधोमध पोचल्या आणि समोरून खांद्यावर गॅसची टाकी घेतलेला पोरगा फळीवर चढला. त्याला मागे सरकता येईना, आजींना वळता येईना. शेवटी दुकानातल्या माणसाने टाकी धरली, पोरगा उलट्या पावलांनी उतरला. आजी पलीकडे जाऊन आधी खाली बसल्या, मग औषधाची चिठ्ठी काढली.

रस्ता होऊ नये असं अजिबात म्हणणं नाही. प्रश्न एवढाच, की तुमच्याकडे असं काम झालं तेव्हा चालणाऱ्यांसाठी काय केलं होतं? काही नियम असतो का? असला तर मागायचा कोणाकडे?

तिरपा_खांब (सोमवार, रात्री ९.५२)

नियम असतो. चरात वाकून बघा, ड्रेनेजच्या पाइपाखाली दिसेल.

रोखठोक_बापू (सोमवार, रात्री १०.१५)

लोकांना रस्ता पण गुळगुळीत हवा आणि काम चालू असताना धूळ पण नको. चार महिने कळ काढा. घराला रंग काढला तरी आठवडाभर भांडी अंगणात येतातच ना?

पेठकरीण (सोमवार, रात्री १०.३१)

बापू, भांडी अंगणात येतात, आजी चरावर येत नाही.

पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडचा एक तुकडा गाड्यांना बंद करून पादचारी दिन साजरा होतो. मी दरवर्षी जाते. रांगोळ्या, बाकडी, मुलं रस्त्याच्या मधोमध खेळतायत. सांगायचा मुद्दा हा, की एका दिवसासाठी का होईना, पेठेतल्या सगळ्यात गजबजलेल्या रस्त्याची वाहतूक वळवता येते, वॉर्डन उभे करता येतात, फूटपाथ मोकळा करता येतो. यंत्रणेला जमत नाही असं नाही. खोदकामाच्या वेळी मात्र हेच सगळं 'तांत्रिक अडचणीं'त अडकतं.

गल्ला_आणि_मी (सोमवार, रात्री ११.०४)

दुकानदाराची बाजू पण ऐका. आमच्या रस्त्याचं काम झालं तेव्हा दिवाळीचा अख्खा सीझन गेला. गिऱ्हाईक चरापलीकडून हात दाखवायचं आणि परत जायचं. टेम्पो आत येईना म्हणून माल चौकात उतरवून हातगाडीने आणायचा, हमाली दुप्पट. फळी आम्हीच टाकली होती, स्वतःच्या खर्चाने. ठेकेदाराच्या मुकादमाला म्हटलं एक लोखंडी प्लेट दे, तर म्हणतो प्लेट जेसीबीसाठी आहे.

पेठकरीण (सोमवार, रात्री ११.१०)

खरंय तुमचं. पण काम सुरू व्हायच्या आधी त्याच फूटपाथवर बाहुल्या आणि टोप्यांचे स्टँड कोणाचे होते? हलके घ्या.

गल्ला_आणि_मी (सोमवार, रात्री ११.१३)

आमचे बनियनचे होते. बाहुल्या शेजारच्यांच्या. 😀

निवृत्त_जेई (मंगळवार, सकाळी ७.०५)

माझी सगळी नोकरी रस्त्यातच गेली, त्यामुळे जरा लांबण लावतो.

नियम आहे आणि चांगला आहे. इंडियन रोड्स काँग्रेसची 'एसपी ५५' ही पुस्तिका फक्त कामाच्या जागेवरच्या वाहतूक व्यवस्थेवर आहे, सुधारित आवृत्ती २०१४ ची. तिच्यात कामाच्या जागेचे चार भाग पाडलेत. पहिला आगाऊ सूचना देणारा, दुसरा वाहनांना तिरपं करत बाजूला घेणारा, तिसरा प्रत्यक्ष कामाचा, चौथा पुन्हा मूळ रस्त्यावर आणून सोडणारा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तिसरा भाग तेवढा दिसतो. पहिल्या भागाच्या नावाने एक बोर्ड, तोही खड्ड्याच्या तोंडाशी. पादचाऱ्याला यंत्रांपासून आणि गाड्यांपासून वेगळी, सलग वाट द्यावी हेही त्यात आहे. फूटपाथसाठी वेगळं मानक आहे, 'आयआरसी १०३': निदान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच एवढी जागा मोकळी हवी. जुन्या पेठांत कायमचा फूटपाथ एवढा नसतो, तात्पुरता कुठून येणार, हा भाग निराळा.

मग होत का नाही? लोक म्हणतात भ्रष्टाचार. तो असेल तिथे असेल, पण त्याआधी निविदेत काय लिहिलंय ते बघा. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये कलम ११२ बांधकामाच्या काळातल्या वाहतुकीचं आहे, आणि बऱ्याच पालिका आपल्या निविदा त्यावरच बेततात. बॅरिकेड, बोर्ड, दिवे, झेंडा घेतलेला माणूस, सगळं त्यात सांगितलंय. पण मोबदल्याच्या रकान्यात ही व्यवस्था 'इन्सिडेंटल', म्हणजे मुख्य कामाच्या दरातच धरलेली. वेगळी मोजायची नाही. गाड्यांसाठी तात्पुरता वळणरस्ता बांधला तर तो मात्र मीटरवर मोजतात आणि त्याचे पैसे मिळतात!

आता ठेकेदाराच्या जागी उभे राहा. खडी टाकली की मापपुस्तकात चढते, बिल निघतं. चालणाऱ्यासाठी कठडा लावला तर खर्च, नाही लावला तर तेवढी बचत. निविदा भरघोस 'बिलो', म्हणजे अंदाजित खर्चापेक्षा बरीच कमी भरलेली असली तर पहिली कात्री कुठे लागणार? साइटवरचा जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता, ओरडतो, पत्र देतो, दंडाची भीती घालतो. पण जे बिलात नाही ते कापणार कशातून?

माझं स्पष्ट मत: पायवाट ही निविदेत स्वतंत्र बाब हवी. इतके मीटर कठडा, इतके दिवस, दर अमुक. ज्या दिवशी साइटवर नाही त्या दिवसाचे पैसे नाहीत. बाकी कार्यशाळा आणि जनजागृती नंतर.

तिरपा_खांब (मंगळवार, सकाळी ७.४८)

काकांनी धागा एका प्रतिसादात संपवला. आता आम्ही टाइमपास कशावर करायचा?

रोखठोक_बापू (मंगळवार, सकाळी ८.२०)

@निवृत्त_जेई, कठड्याचे वेगळे पैसे दिलेत की कठडा कागदावर लागेल. वॉर्डनचं तेच होतं. दहा मंजूर, दोन हजर, त्यातला एक मोबाइलवर.

निवृत्त_जेई (मंगळवार, सकाळी ८.३३)

होईल तसं, नाकारत नाही. पण कागदावर आला की तुम्हाला माहितीच्या अधिकारात मागता येतो आणि फोटो शेजारी ठेवता येतो. आज मागायला कागदच नाही.

परळकर_वहिनी (मंगळवार, सकाळी १०.१२)

मुंबईतून लिहिते आहे. रेल्वेवरून परळ आणि प्रभादेवी जोडणारा एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडायला बंद केला. पूल १९१३ चा, आता तिथे शिवडी-वरळी कनेक्टरसाठी दुमजली होणार. गाड्यांसाठी बारीक विचार झाला होता, हे मान्य करायला हवं. करी रोडचा पूल सकाळी ७ ते दुपारी ३ एका दिशेने, ३ ते रात्री ११ उलट्या दिशेने, रात्री दोन्हीकडून. म्हणजे गर्दीचा कल बघून वन-वे फिरवलेला. टिळक पुलाकडे कोणी, चिंचपोकळीकडे कोणी, सगळं ठरलेलं.

पण परळच्या बाजूला केईएम आणि टाटा ही रुग्णालयं आहेत. प्रभादेवीच्या बाजूने तिथे रोज पायी जाणारी किती माणसं! रुग्ण, त्यांचे डबे घेऊन जाणारे नातेवाईक, आयाबाया. त्यांना पूल म्हणजे सरळ चालत जायची वाट होती. आता रेल्वेचे जिने. केमो घेऊन आलेल्या माणसाला जिना म्हणजे काय असतं ते घरात कोणी आजारी असल्याशिवाय कळत नाही. गाडीला दोन किलोमीटरचा वळसा पडला तर पेट्रोल जातं. पायी माणसाला पाव किलोमीटरचा पडला तरी दम जातो. वळसा ठरवणाऱ्यांनी हा फरक धरला पाहिजे एवढंच म्हणणं.

सांतइनेजकार (मंगळवार, सकाळी ११.४०)

पणजीचं कोणी बोललं नाही अजून, म्हणून मी बोलतो. स्मार्ट सिटीच्या कामांनी दोनेक वर्षं शहर सगळीकडे एकदमच खोदलेलं. मलनिस्सारण, केबल, रस्ते, एक संपायच्या आत दुसरं. धुळीवरून मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठात याचिका झाल्या आणि एप्रिल २०२४ मध्ये न्यायमूर्ती स्वतः फिरून कामं बघून गेले. पाणी मारा, माती झाका, अशा साध्या गोष्टींसाठी कोर्ट लागलं बघा.

आमचा धडा वेगळा. एका रस्त्याला कठडा लावून काय होणार, शेजारचा रस्ताही उघडाच असेल तर? पर्यायी वाट म्हणून ज्या गल्लीत वळायचं तीच आठ दिवसांनी खोदायची. कुठला रस्ता कधी, याचा अख्ख्या शहराचा एकच तक्ता पाहिजे, आणि तो भिंतीवर लावलेला पाहिजे.

गल्ला_आणि_मी (मंगळवार, दुपारी १२.०५)

+१. आमच्याकडे रस्ता झाला, पेढे वाटले, आणि नंतर पाण्याची लाइन आठवली.

तिरपा_खांब (मंगळवार, दुपारी १२.०९)

पेढे चरात पडले का?

क्रॉयडनकर (मंगळवार, दुपारी ३.३०)

लंडनचं सांगतो, बापूंनी आधीच रागावून घ्यावं.

इथे रस्ता खोदणाऱ्या प्रत्येकाला एक सरकारी आचारसंहिता पाळावी लागते, लाल मुखपृष्ठामुळे सगळे 'रेड बुक' म्हणतात. त्यात चालणाऱ्याची वाट किमान १ मीटर, शक्यतो १.५ मीटर. फूटपाथ बंद करून वाट रस्त्यावर उतरवली तर उंचवट्याला उतार जोडायचा. आणि कठड्याला खालच्या बाजूला एक आडवी पट्टी, किमान १५० मिलिमीटर उंचीची, जमिनीपासून जास्तीत जास्त २०० मिलिमीटरवर. ती दृष्टिहीनांच्या काठीसाठी.

दुसरी गोष्ट भाड्याची. २०१२ पासून लंडनच्या ठरावीक मोठ्या रस्त्यांवर गर्दीच्या वेळी खोदून ठेवलं तर दिवसाला २५०० पौंडांपर्यंत भाडं भरावं लागतं. म्हणून कंपन्या रात्री काम करतात, दोन कंपन्या एकाच खड्ड्यात काम उरकतात. जेईकाकांचा मुद्दा तोच, फक्त उलट्या बाजूने: जागा अडवली की मीटर पडला पाहिजे.

रोखठोक_बापू (मंगळवार, दुपारी ३.४१)

लंडन आलंच शेवटी. तिथे हातगाडी, गाय, वरात आणि टेम्पो एका रस्त्यावर नसतात.

क्रॉयडनकर (मंगळवार, दुपारी ३.५८)

गाय नसते. बाकी शनिवारी रात्री पब सुटल्यावर जे चालतं त्याला वरातच म्हणायला हवं.

पांढरी_काठी (मंगळवार, संध्याकाळी ५.२५)

नेहमी वाचनमात्र असतो, त्या पट्टीचं वाचलं म्हणून लिहितो. मी पूर्ण अंध आहे, स्क्रीन रीडरवर हे वाचतो आणि रोज एकटा ऑफिसला जातो.

आपल्याकडे खड्ड्याभोवती लाल-पांढरी प्लॅस्टिकची फीत बांधतात. ती कमरेच्या उंचीवर असते. माझी काठी जमिनीवरून जाते, फितीच्या खालून. काठीला काही लागलं नाही म्हणजे वाट मोकळी, असं मी समजतो. पुढचं पाऊल टाकतो तेव्हा फीत पोटाला लागते आणि तोवर काठीचं टोक खाली गेलेलं असतं. पत्र्यांचं कुंपण त्या मानाने उत्तम, आवाज येतो, हाताने धरून चालता येतं. पण दोन पत्र्यांच्या मध्ये मजूर आत-बाहेर करायला फट ठेवतात, आणि सिमेंटच्या पिशव्या नेमक्या कुंपणाला टेकवून बाहेर ठेवतात.

फितीच्या खाली जमिनीलगत एक बांबू आडवा बांधला तरी माझं काम होतं. त्याला लंडन लागत नाही.

रोखठोक_बापू (मंगळवार, संध्याकाळी ५.५०)

@पांढरी_काठी, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. बांबूचं पटलं. आमच्या कोपऱ्यावर चर आहे, उद्या सकाळी मीच बांधतो, तिथला मुकादम ओळखीचा आहे. कळ काढण्याबद्दल मात्र मत तेच आहे.

हवालदारीण (मंगळवार, रात्री ८.१५)

यजमान वाहतूक शाखेत, त्यामुळे आयडीच असा घेतला. धागाकर्त्याने विचारलंय की सूचनेत चालणाऱ्याचा उल्लेख का नाही. कारण ती सूचना मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५, ११६ वगैरेंखाली निघते. ती कलमं वाहनांना बंदी घालण्याची आणि चिन्हं लावण्याची आहेत. त्यात माणूस येतच नाही.

पण खोदण्याआधी वाहतूक शाखेची ना-हरकत घ्यावी लागते, आणि तिच्यात अटी असतात: इतके वॉर्डन, बॅरिकेड, रिफ्लेक्टर, रात्री दिवे, राडारोडा लगेच उचलणे. चालणाऱ्यांच्या वाटेची अट तिथे घालून घेता येते. मागायला कोणी जात नाही. ऑफिसात येतात ते 'आमची गल्ली वन-वे का केली' एवढंच भांडायला.

आणि उन्हात चौकात उभ्या असलेल्याला शिव्या घालू नका. खड्डा त्याने खणलेला नसतो.

गल्ला_आणि_मी (मंगळवार, रात्री ८.४०)

अवांतर: सिमेंटचा रस्ता एवढे दिवस बंद का ठेवतात कोणी सांगेल का? वरून तर दोन दिवसांत दगडासारखा होतो.

निवृत्त_जेई (मंगळवार, रात्री ९.०२)

वरून होतो, आतून नाही. काँक्रीटची ताकद साधारण २८ दिवसांनी धरतात. त्यात पहिले काही दिवस सतत ओलं ठेवायचं असतं, म्हणून आळी बांधून पाणी साठवतात किंवा ओलं गोणपाट टाकतात. घाईने गाड्या सोडल्या की पुढच्या उन्हाळ्यात भेगा. गंमत अशी, की जी गोष्ट गाडीला चालत नाही ती पायाला बऱ्याच आधी चालते. कडक झालेल्या पट्ट्यावरून माणसं काही दिवसांत जाऊ शकतात. पण दोन्ही टोकांना पत्रे ठोकले की सगळ्यांना एकच नियम, आणि मग लोक रात्री पत्रा वाकवून स्कूटर घालतात.

पेठकरीण (मंगळवार, रात्री ९.२०)

आमच्या गल्लीत ओल्या काँक्रीटवर एका कुत्र्याचे पंजे आहेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सरळ रेषेत. शहरातला सगळ्यात शिस्तीचा पादचारी.

मधली_आळी (बुधवार, सकाळी ९.३०)

सगळ्यांचे आभार. आता मुद्द्यावर: आम्ही काही रहिवासी आणि दुकानदार मिळून अभियंत्यांना भेटणार आहोत. अर्धा रस्ता आधी, अर्धा नंतर करा असं सुचवायचं चाललंय. बरोबर आहे का? आणि कोणी म्हणालं की मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत ठेकेदाराला एक लाख दंड आहे. तो दाखवायचा का?

निवृत्त_जेई (बुधवार, सकाळी १०.१०)

दंडाचं आधी. ते कलम १९८अ. मानकांप्रमाणे काम न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर एक लाखापर्यंत. म्हणजे कोणी पडून जायबंदी व्हायची वाट बघणार का? पहिल्या भेटीत ते काढू नका, समोरचा माणूस फाइल मिटून बसतो.

अर्धा-अर्धा हे ऐकायला छान, पण तुमचा रस्ता आठ-नऊ मीटरचा असेल तर उरलेल्या चार मीटरमधून दोन्हीकडच्या दुचाक्या, हातगाड्या आणि चालणारे. ते जास्त धोक्याचं, आणि काम लांबतं. त्यापेक्षा गाड्यांना पूर्ण बंद ठेवा, पण लांबी लहान धरा: एका आडव्या गल्लीपासून दुसरीपर्यंत. तेवढं उरकल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही. आणि चर घराच्या ओट्यापर्यंत नेऊ नका. दोन्ही कडांना दीड मीटर वाट, ते शक्य नसेल तर निदान एका कडेला सलग वाट, मधे काही अंतरावर चर ओलांडायला कठडा असलेले छोटे लोखंडी पूल, म्हणजे ओलांडे. फळी नको. ठेकेदार म्हणेल जेसीबी फिरत नाही. छोटा फिरतो.

गल्ला_आणि_मी (बुधवार, सकाळी १०.३२)

तुकड्यातुकड्याने केलं तर दुकानदार आनंदाने सही करतील. आपली पाळी कधी हे कळलं की माल तसा भरता येतो. फक्त तारीख पाळा म्हणावं. आणि माल उतरवायला सकाळची वेळ द्या, नाहीतर टेम्पो चौक अडवणारच. आमच्या बाजूने पायरीवरचे स्टँड आत घेऊ, हे लेखी देतो.

पेठकरीण (बुधवार, सकाळी १०.३५)

लेखी? स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

मधली_आळी (शुक्रवार, रात्री १०.२०)

जाऊन आलो. तुकड्याने काम करायला तयार नाहीत, कारण सगळ्या लांबीचं खोदकाम आधीच झालंय. एका कडेची वाट मान्य झाली, शाळेच्या बाजूची. ओलांडे शाळा, प्रसूतिगृह आणि बँकेसमोर मिळतील, बाकी फळ्याच. कठडा सोमवारपासून. जमिनीलगतच्या आडव्या बांबूचं सांगितल्यावर जेई मॅडमनी विचारलं कशासाठी, सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. निविदेचा विषय निघाला तेव्हा हसल्या फक्त.

ना-हरकतीची प्रत मागितली आहे. तिच्यात वॉर्डन किती लिहिलेत ते आल्यावर टाकतो.

हवालदारीण (शुक्रवार, रात्री १०.४१)

प्रत वाहतूक शाखेतून मागा, तिथे लवकर मिळेल. आणि प्रसूतिगृहासमोर अँब्युलन्स कुठपर्यंत येणार हे विचारलंत का?

मधली_आळी (शुक्रवार, रात्री १०.४४)

नाही. उद्या विचारतो.